नुसत्या रेघांचं चित्र कसं होतं?

प्रश्न वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचकाचा आहे. चित्रकार नसरीन मोहम्मदींची पेन-शाईची चित्रं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली आणि विचारलं: "अशा रेघा आम्ही रोज रात्री जागून आखतो. मग त्यांच्या कागदाला चित्र का म्हणायचं आणि आमच्या शीटला का नाही? आणि मला असं काम करून बघायचं असेल, तर सुरुवात कुठून करू?"

मी तीस वर्षांहून जास्त काळ शाईने काम करते, त्यातली बरीच वर्षं शिकवतेही. हा प्रश्न चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या आधी तुमच्यासारख्यांना पडतो, असा माझा अनुभव आहे. एक सरळ रेघ न फुटता, न अडखळता या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणं म्हणजे काय, ते तुमच्या हाताला माहीत असतं.

तुम्हाला साम्य दिसलं ते खरंच आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. नसरीन आखणीच्या टेबलावरच काम करायच्या. पट्टी, गुण्या, आखणीची पेनं, सगळी अवजारं तुमचीच. फरक अवजारात नाही, रेघेला दिलेल्या कामात आहे. तुमच्या शीटवरची रेघ भिंतीची असते, पायरीची असते, नाहीतर मापाची असते. बघणाऱ्याला भिंत कळली की रेघेचं काम संपलं. गवंड्याने रेघेकडे बघत बसावं अशी तुमचीही अपेक्षा नसते. नसरीनच्या रेघेमागे भिंत नाही. रेघेतून पलीकडे जायला वाटच नाही, त्यामुळे नजर कागदावरच थांबते. आणि थांबली की तिला दुसरंच काहीतरी दिसायला लागतं: दोन रेघांमधली मोकळी जागा.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतं. अमूर्त रेखाटनात रेघ हे साधन आहे. काढायचं असतं ते अंतर.

त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या कामांपैकी एखादं समोर घ्या. वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा. पहिल्या नजरेत शाळेतली एकरेघी वही वाटते. मग लक्षात येतं की वरच्या पट्ट्या अरुंद आहेत, मधे त्या केसाकेसाने रुंदावत जातात आणि खाली पुन्हा दाटतात. कुठेही वक्र रेघ नाही, तरी सपाट कागदाला पोट आल्यासारखं वाटतं. एखादी रेघ अर्ध्यावर फिकी होते. शाई पातळ केलेली असते, किंवा तिथून पुढे पेन्सिलच असते. एखादी तिरपी रेघ सगळ्यांना छेदत जाते आणि तिच्या अलीकडचं-पलीकडचं मिळून दोन वेगळ्या जागा होतात. हे सगळं घडतं ते पांढऱ्यात, काळं फक्त त्याला धरून ठेवतं. मागावर ताणलेल्या ताण्याकडे बाजूने बघितलं की सुतापेक्षा सुतांमधली फट दिसते ना, तसं. मागावरच्या धाग्यांचे फोटो नसरीनने स्वतः काढलेले आहेत. रस्त्यावरचे पट्टे, ओहोटीच्या वाळूवरच्या खुणा, फत्तेपूर सिक्रीचा दगडी चौक, असे बरेच फोटो त्यांनी काढले आणि हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. ते फोटो म्हणजे चित्रांचे आराखडे असं लोक धरतात, मला ते पटत नाही. डोळा एकच होता, तो कधी कॅमेऱ्यातून बघायचा, कधी पेनातून, एवढंच.

आता त्या इथवर कशा आल्या ते थोडं सांगते, कारण त्यांची जाळीची, म्हणजे ग्रिडची, चित्रं पाहून त्या पहिल्यापासून पट्टी घेऊन बसल्या होत्या असा समज होतो. जन्म १९३७ चा, कराचीचा. बालपणीच कुटुंब मुंबईला आलं. १९५४ ते १९५७ लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिस. मधल्या काळात मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम. त्या वास्तूत चित्रकार, नाटकवाले, संगीतवाले एकाच छपराखाली होते आणि वासुदेव गायतोंडेही तिथलेच. तेव्हाची त्यांची शाई हाताची आहे, ओली आहे. झाडाच्या फांद्या, गवत, पाण्याकाठची ओल यांची आठवण करून देणारे फटकारे त्यात दिसतात. जाळी आली ती १९७० च्या आसपास. १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. पुढे ऐंशीच्या दशकात ती जाळीही गळून पडली. राहिल्या मोजक्या तिरप्या रेघा, एखादा त्रिकोण, एखादा कंस, आणि भोवती मोकळा कागद. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत त्या एकेक गोष्ट काढून टाकत गेल्या. आधी झाड गेलं, मग हाताचा फटकारा गेला, मग जाळीचा आधार गेला.

आणि याच काळात मज्जासंस्थेच्या आजारामुळे शरीरावरचा ताबा सुटत चालला होता. हात ऐकत नव्हता, आणि कागदावर केसभरही न हललेली रेघ. माझ्या हाताला वयाने किंचित कंप आलाय तेव्हापासून मी ती शेवटची चित्रं वेगळ्या नजरेने बघते. पट्टी ही तिथे सोय राहत नाही, हाताला धरायला मिळालेली काठी होते. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. तो किनारा तुम्ही पाहिला नसेल तर एकदा ओहोटीच्या वेळी बघा. आडव्या पट्ट्या, त्यांच्यात पाण्याची चकाकी, आणि लांबवर क्षितिजाची एकच रेघ. चित्राचा अर्थ तिथे सापडेल म्हणून मुळीच जाऊ नका. डोळा किती कमीवर जगू शकतो ते कळावं म्हणून जा.

जाळीच्या चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन चित्रकार अॅग्नेस मार्टिन यांच्यावरून नसरीनना 'भारताच्या अॅग्नेस मार्टिन' म्हणण्याची एक रीत पडली आहे. मला ती खटकते. जाळी दोघींकडे आहे, पण मार्टिनच्या जाळीत नजर विसावते, नसरीनची जाळी नजरेला ओढत नेते, तिरकी पळवते. शिवाय ओळख करून देताना दरवेळी परदेशी माप लावायचं म्हणजे आपण आपलं बघणं दुसऱ्याकडे गहाण टाकतो.

अजून एक गोष्ट. फोनवर नसरीन बघू नका. इतक्या बारीक, समांतर रेघा पडद्याच्या ठिपक्यांत नीट बसत नाहीत. मूळ चित्रात नसलेल्या लाटा आणि चट्टे उमटतात आणि फिक्या रेघा तर नाहीशाच होतात. दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाकडे त्यांची बरीच कामं आहेत. मांडणी बदलत असते म्हणून आधी चौकशी करून जा. आधी दहा फुटांवरून बघा, मग काचेला नाक लागेल इतक्या जवळून. जवळून बघताना प्रत्येक रेघेची दोन टोकं बघा, कारण पेन कुठे टेकलं आणि कुठे उचललं ते टोकालाच कळतं.

आता शाईबद्दल. अमूर्त काम पेन्सिलने, जलरंगाने, कशानेही करता येतं. मग शाईच का? पेन्सिलमध्ये शंकेला जागा असते. पुसता येतं, हलकं करता येतं, 'बघू पुढे' म्हणून सोडून देता येतं. शाईची रेघ म्हणजे खरोखर काळ्या दगडावरची रेघ, फक्त कागद पांढरा. आपण जिला इंडियन इंक म्हणतो तिच्यात काजळीचे कण असतात आणि ते कागदावर धरून ठेवायला लाख किंवा तत्सम चिकट पदार्थ. ती वाळली की पाण्याने हलत नाही आणि उन्हाने उडत नाही, कारण कोळसा उडून जाणार कुठे? फाउंटन पेनची निळी-काळी शाई बहुतेक वेळा रंगद्रव्य विरघळवून केलेली असते, ती उडते. माझ्या उमेदवारीच्या काळातली अकरा चित्रं मी अशा शाईने केली आणि नातेवाइकांच्या उन्हाच्या भिंतीवर मोठ्या हौसेने लावली. सहा-सात वर्षांत त्यांचा फिकट तपकिरी डाग झाला. रेघांच्या चित्रात रेघच फिकी पडली की राहतं काय? चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून कागदावर पहिली रेघ पडायच्या आधी मी बाटलीवरचं लेबल वाचते.

चूक मागे घेता येत नाही म्हणून शाईच्या चित्रात निर्णय उघडे पडतात. चौथी रेघ जरा खाली गेली तर पाचवीला त्याची दखल घ्यावीच लागते. सहावीला दोघींची. पन्नासावी रेघ येईपर्यंत कागदावर तुमचा सगळा हिशेब मांडलेला असतो, आणि एकही आकडा खोडलेला नसतो. रवींद्रनाथांनी मात्र खोडण्यातूनच चित्र काढलं. १९२४ साली 'पूरबी'च्या कवितांच्या हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना ते पेनने जोडत गेले, त्या गाठींचे पक्षी झाले, श्वापदं झाली, आणि काही नुसतेच लयदार आकार राहिले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. चित्रांना नावं द्यायचं ते बहुतेक टाळायचे. भारतात पेन-शाईच्या अमूर्ताची वाट कुठून फुटते असं कुणी विचारलं, तर मी त्या हस्तलिखितांकडे बोट दाखवते. तिथे रेघ आधी शब्दाची चाकरी करते आणि बघता बघता ती सोडून देते.

छपाईचंही एक कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडची मासिकं आणि साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं गरिबीत निघायची. फोटो किंवा रंगछटा छापायच्या तर हाफटोन ब्लॉक लागायचा, तो महाग आणि खरबरीत कागदावर तो घाण उठायचा. शुद्ध काळ्या रेघेचं चित्र असेल तर जस्ताच्या पत्र्यावर साधा लाइन ब्लॉक करून काम भागायचं. म्हणून कथा-कवितेच्या शेजारी पेनने काढलेलं रेखाटन यायचं, आणि गॅलरीत कधीच न गेलेल्या वाचकाच्या हाती आधुनिक चित्रकाराची रेघ पडायची. तमिळमध्ये चित्रकार के. एम. आदिमूलम यांनी या वाटेने मोठं काम केलं. गांधी शताब्दीच्या सुमारास, १९६९ मध्ये, त्यांनी पेन-शाईने गांधीजींची रेखाटनमालिका केली. ती अमूर्त नाही, पण रेघांच्या गुंत्यातून चेहरा वर येताना गुंता स्वतःच इतका जिवंत होतो की चेहरा झाकला तरी चित्र उभं राहावं. पुढे ते तैलरंगातल्या अमूर्ताकडे गेले यात मला नवल वाटत नाही.

नसरीनच्या अगदी उलट टोकाला जेराम पटेल. चित्रकारांच्या १८९० नावाच्या गटातले. भावनगरच्या ज्या घरी ही मंडळी जमली त्या घराचा क्रमांक १८९०, म्हणून हे नाव. १९६३ साली दिल्लीत त्यांचं एकच प्रदर्शन झालं, उद्घाटन नेहरूंनी केलं, आणि आपले अकोल्याचे अंबादासही त्या गटात होते. जेराम पटेल लाकडावर ब्लोटॉर्च चालवायचे, जाळून खोदायचे, आणि शाईतही तोच स्वभाव. कागदाच्या मधोमध काळ्याकुट्ट शाईचा एक गोळा, आणि त्याच्या कडेला केसांसारख्या बारीक रेघांची लव. गोळा कशाचा ते सांगता येत नाही, पण तो अंगावर येतो. नसरीनकडे अंतर उघडत जातं, इथे ते गिळलं जातं.

आणि गायतोंडे. १९८४ मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहून काम करणं काही वर्षं थांबलं. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी कामं केली. एखाद्या लिपीतली अक्षरं असावीत, पण ती लिपी कुणालाच वाचता येऊ नये, अशा खुणा. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, कारण अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसलं, असा अर्थ निघतो. हा मुद्दा तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. इमारतीचा आराखडा घेऊन त्यातली दारं-खिडक्या पुसल्या तर ते अमूर्त चित्र होत नाही, तो अर्धवट आराखडा होतो.

सुरुवात कुठून करायची, तर आधी पट्टी बाजूला ठेवा. साधा कार्ट्रिज कागद घ्या, बोरू किंवा टाक घ्या, नसेल तर पिगमेंट लायनर चालेल. डावीकडून उजवीकडे एक रेघ, श्वास सोडता सोडता, हात खांद्यातून हलवून. मनगटातून ओढली की रेघेला कमान येते. दुसरी तिच्याखाली, जितकी जवळ नेता येईल तितकी जवळ, पण टेकू द्यायची नाही. अशा शंभर. सुमारे चाळिसाव्या रेघेला कंटाळा येतो आणि अंतरं बेशिस्त होतात. साठीच्या पुढे हात आपोआप स्थिरावतो. संपलं की कागद भिंतीला टाचणीने लावा आणि लांबून बघा. तुम्हाला न विचारता त्यात एक लाट तयार झालेली असेल. ती तुमची स्वतःची आहे, तिच्याकडे आठवडाभर बघा. असे वीस-पंचवीस कागद होईपर्यंत दुसरं काही करू नका.

मग पट्टी घ्या. इथे तुम्ही माझ्यापेक्षा तरबेज असाल, तरी एक सांगते. खरी शाई आणि पट्टी यांचं वैर असतं. पट्टीची कड कागदाला टेकलेली असेल तर शाई त्या फटीत ओढली जाते आणि रेघेच्या जागी ओघळ पसरतो. पट्टीच्या खालच्या बाजूला, कडेपासून जरा आत, चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा म्हणजे कड कागदापासून उचललेली राहील. पेन उभं धरा, वेग एकसारखा ठेवा, आणि टोकाला आल्यावर थांबायच्या आधीच पेन उचला. थांबलात की शाईचा थेंब बसतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद हवेतली ओल पितो आणि शाई रेघेबाहेर फुटते, कोळ्याच्या पायांसारखी. माझ्या एका विद्यार्थिनीचं तीन आठवड्यांचं काम जुलैतल्या एका रात्रीत असं गेलं. वाळलेल्या रेघांना काही झालं नाही, पण रात्रभर उघड्यावर राहिलेल्या कागदावर सकाळी ओढलेली प्रत्येक रेघ फुटली. तेव्हा कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवा, आणि आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर एक रेघ ओढून बघा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मला अतिशय प्रिय आहे, १९४० पासूनची ती संस्था. पण त्याचा पोत टाकाच्या बारीक टोकाला धरतो, तंतू निबात अडकतात. तो बोरूसाठी आणि ब्रशसाठी ठेवा. बारीक रेघेला गुळगुळीत, चांगली खळ दिलेला जाड कागद हवा. आणि इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. लाख आत वाळली की पेन गेलंच म्हणून समजा. रोट्रिंगसारखी आखणीची पेनंसुद्धा चालू काम थांबलं की लगेच धुऊन ठेवावी लागतात.

एका मोहापासून मात्र सावध करते. कागद विभागायचा आणि प्रत्येक कप्प्यात वेगळी नक्षी भरत जायची, हा प्रकार सध्या पेनवाल्यांमध्ये फार आहे. मन शांत होतं, वेळ छान जातो, त्याला माझी हरकत नाही. पण त्यात मोकळी जागा म्हणजे भरायची राहिलेली जागा असं होऊन बसतं, आणि आपल्याला तर तीच कमवायची आहे.

तुम्ही वास्तुकलेचे आहात म्हणून शेवटी एक अभ्यास खास तुमच्यासाठी. तुमचंच जुनं एखादं सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, घ्या. त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून फक्त सात रेघा उतरवा, कुठल्या ते तुमचं तुम्ही ठरवा. मग दुसरा ट्रेसिंग घेऊन त्याच सात रेघा पुन्हा, पण एक रेघ दोन मिलिमीटर सरकवून. तिसऱ्यावर आणखी एक सरकवा. पंधराव्या-विसाव्या कागदाच्या आसपास कधीतरी तळाची रेघ जमीन राहणार नाही आणि वरची छत राहणार नाही. तो कागद कुठला ते बघा, आणि त्याच्या आधीच्या कागदात नेमकं काय बदललं ते दोन ओळींत लिहून ठेवा. सगळे कागद क्रमाने जपा, वाया गेलेलेही. नसरीनने आपल्या बहुतेक कामांवर ना नाव घातलं ना साल, आणि आज अभ्यासकांना अंदाजाने क्रम लावावा लागतो. तुम्ही प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाला, पण पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. ट्रेसिंगवर मागची शाई पुढून दिसते आणि ती मग आठवी रेघ होऊन बसते.